जवळच्या जपानी रेस्टॉरंटमध्ये चांगली सुशी कशी ओळखावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई-पुण्यात आता सुशी फक्त पंचतारांकित हॉटेलांत मिळते असं राहिलेलं नाही. छोटी जपानी रेस्टॉरंटं, पॅन-एशियन ठिकाणं, मॉलमधले काउंटर, घरपोच देणारी किचन्स, सगळीकडे ती आहे. दर्जात मात्र फार फरक आहे, आणि दिलेल्या पैशांवरून तो कळत नाही. नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं खाली दिली आहेत.

नवीन ठिकाणी पहिल्यांदा गेल्यावर काय मागवावं?

तीन गोष्टी: काकडीचा साधा रोल म्हणजे काप्पा माकी, सॅल्मनची एक जोडी निगिरी, म्हणजे भाताच्या लहान गोळ्यावर माशाचा काप, आणि मिसो सूप, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं सूप. ड्रॅगन, व्होल्केनो, रेनबो वगैरे नावांचे मोठे रोल पहिल्या खेपेला नकोत. त्यांच्यावरचं तिखट मेयोनीज, गोड सॉस आणि तळलेला चुरा बाकी सगळ्या चवी झाकून टाकतो.

काप्पा माकीत नोरी (समुद्री शेवाळाचा वाळवलेला पातळ पापुद्रा), भात आणि काकडी एवढंच असतं. बियांचा पाणचट गर काढलेला असावा, नाहीतर भात ओला होतो. सहाही तुकडे एका उंचीचे असावेत आणि काकडी बरोबर मधोमध असावी. नोरी दातांनी सहज तुटायला हवी. ती रबरासारखी ताणली जात असेल आणि तुकड्यातली काकडी ओढून बाहेर येत असेल, तर रोल आधीच करून ठेवलेला आहे किंवा नोरीचं पाकीट उघडं राहिलेलं आहे.

निगिरी हातात घ्या. जपानमध्ये ती हाताने खाणं पूर्ण शिष्टसंमत आहे, आणि बोटांना भाताचं तापमान लगेच कळतं. मिसो सूपवरून स्वयंपाकघराची काळजी समजते. मिसो घातल्यावर सूप खळखळा उकळलं की त्याचा सुगंध उडतो आणि नुसता खारटपणा उरतो.

हे तीन पदार्थ जमले असतील तर पुढचं निर्धास्त मागवा. जमले नसतील तर महागडा टूना मागवून निराशाच पदरी येईल.

पारख माशावरून करायची की भातावरून?

आधी भातावरून. मासा रेस्टॉरंट विकत आणतं. भात मात्र रोज तिथेच करावा लागतो, आणि करणाऱ्याचा हात त्यातच दिसतो. एका निगिरीत साधारण १५ ते २० ग्रॅम भात आणि १२ ते १५ ग्रॅम मासा असतो. म्हणजे घासातला अर्ध्याहून जास्त भाग भातच.

चांगल्या सुशीच्या भातात शीत न् शीत वेगळं दिसतं आणि तरी एकमेकाला धरून असतं. वर हलकी चकाकी असते. निगिरी उचलताना सुटत नाही, पण जिभेवर गेली की विखुरते. आंबट, गोड, खारट या तिन्ही चवी जाणवतात, मात्र कुठलीच माशाच्या पुढे धावत नाही. निगिरीचा भात अंगाइतका कोमट असावा, रोलमधला खोलीच्या तापमानाचा चालतो.

बिघाड कुठे झाला आहे हे भात खाताना बऱ्यापैकी ओळखता येतं:

थंडगार आणि कडक शितं म्हणजे भात किंवा तयार सुशी फ्रीजमध्ये ठेवली होती. शिजलेल्या तांदळातला स्टार्च फ्रीजच्या तापमानात, म्हणजे शून्य ते पाच अंशांच्या आसपास, सगळ्यात लवकर घट्ट होतो. एकदा घट्ट झालेला भात बाहेर काढून ठेवला तरी पूर्ववत होत नाही.

आसट, चिकट गोळा म्हणजे पाणी जास्त पडलं किंवा व्हिनेगर मिसळताना भात घोटला गेला. व्हिनेगर भात वाफाळता असतानाच घालायचं असतं. उलथनं तिरकं धरून भात कापल्यासारखा फिरवायचा आणि वारा घालायचा, म्हणजे वरचं पाणी उडून चकाकी येते.

शितात मधे कणी लागली तर तांदूळ पुरेसा भिजलेला नव्हता. शिजवण्याआधी निदान अर्धा तास भिजवावा लागतो.

गोडमिट्ट लागणारा भात आपल्याकडे फार आढळतो. घरगुती प्रमाण साधारण असं: ४५० ग्रॅम कोरड्या तांदळाला ८० मिली राइस व्हिनेगर, तीन ते चार मोठे चमचे साखर, दीड ते दोन छोटे चमचे मीठ. याहून बरीच जास्त साखर असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या तुकड्यालाच तोंड फिरतं.

आणि लाडवासारखी मुठीत दाबून वळलेली निगिरी. तिच्यात हवा उरत नाही, ती चावत बसावी लागते, आणि मासा आधी संपून नुसता भात तोंडात राहतो.

एक अपवाद लक्षात असू द्या. भात फिकट तपकिरी दिसला तर तो शिळाच असेल असं नाही. काही शेफ साके या तांदळाच्या दारूच्या चोथ्यापासून केलेलं लाल व्हिनेगर वापरतात. त्याने भाताला रंग येतो, चव खोल होते आणि साखर कमी लागते. शंका आली तर विचारा. ज्याने मुद्दाम ते व्हिनेगर आणलं आहे तो हौसेने सांगतो.

इंद्रायणी तांदळाची सुशी चालते का?

रोलसाठी चालते. इंद्रायणी मुळात चिकट आहे, धरून राहतो आणि महाराष्ट्रात सहज मिळतो, म्हणून घरी सुशी करणारे बरेच जण तोच घेतात. मात्र त्याचा स्वतःचा सुवास व्हिनेगरशी भांडतो आणि शितं लवकर मोडतात. निगिरीसाठी आखूड दाण्याचा जपानी जातीचा तांदूळच हवा. बासमती आणि कोलम बाजूला ठेवा, त्यांची शितं मोकळी राहतात आणि रोल कापताना भात सांडतो.

रेस्टॉरंटला "तांदूळ कुठला वापरता?" असं जरूर विचारावं. "स्टिकी राइस" एवढंच उत्तर मिळालं तर तिथे भाताकडे कुणी फारसं पाहत नाही असं समजावं.

कच्चा मासा खाणं सुरक्षित आहे का?

नीट हाताळलेला असेल तर निरोगी प्रौढ माणसाला धोका कमी असतो, शून्य नसतो. मासळी बाजारात आपण कल्ले उघडून बघतो, डोळे बघतो, अंगठ्याने दाबून बघतो. सुशीच्या काउंटरवर मासा सोलून, काटे काढून, लादी करून आलेला असतो, त्यामुळे या खुणा तिथे मिळत नाहीत. शिवाय "आज सकाळी पकडलेला" हे कच्च्या माशाच्या बाबतीत सुरक्षिततेचं लक्षणही नाही.

कारण समुद्री माशांत अनिसाकिस नावाचा कृमी असू शकतो. तो व्हिनेगरने, लिंबाने, वसाबीने किंवा सोया सॉसने मरत नाही. मरतो तो शिजवल्याने किंवा नीट गोठवल्याने. अमेरिकेतली मार्गदर्शक मर्यादा उणे २० अंशांवर ७ दिवस, किंवा उणे ३५ अंशांवर गोठवून त्याच तापमानात १५ तास अशी आहे. जपानमध्ये उणे २० अंशांवर २४ तासांहून अधिक असं सांगितलं जातं. घरचा फ्रीजर जेमतेम उणे १८ पर्यंत जातो आणि दार उघडलं की वर चढतो, म्हणून घरी गोठवलेला मासा कच्चा खाऊ नये.

गोठवलेला मासा म्हणजे दुय्यम मासा, ही समजूतही सोडून द्यावी. दूरच्या समुद्रातला टूना बोटीवरच उणे ६० अंशांच्या आसपास गोठवतात आणि तोच जपानमधल्या चांगल्या दुकानांतही जातो. मासा बिघडतो तो घाईने वितळवल्यामुळे. नळाच्या गरम पाण्याखाली वितळवलेल्या टूनातून पाणी सुटतं, मांस भुसभुशीत होतं आणि बशीत गुलाबी पाणी साठतं.

गोठवण्याने कृमी मरतात, जीवाणू मरतात असं नाही. त्यासाठी स्वच्छता आणि सलग थंडावाच लागतो.

"सुशी ग्रेड" लिहिलं असेल तर खात्री धरावी का?

नाही. हा व्यापाऱ्यांचा शब्द आहे. कुणीही छापू शकतं. मासा वाढवलेला की समुद्रात पकडलेला, किती तापमानाला आणि किती दिवस गोठवला, आणि कधी वितळवला, या प्रश्नांची उत्तरं जास्त कामाची.

रावसाला "इंडियन सॅल्मन" म्हणतात, मग सॅल्मन म्हणून तो कच्चा खाल्ला तर?

खाऊ नये. रावस आणि सॅल्मन यांचं नातंच नाही. रावस हा दाढीसारखे तंतू असलेल्या माशांच्या कुळातला, पांढऱ्या मांसाचा, आपल्या किनाऱ्याचा मासा. तव्यावर किंवा आमटीत तो उत्तमच लागतो, पण कच्चा खाण्यासाठी लागणारी साखळी, म्हणजे बोटीवर लगेच रक्त काढणं, बर्फ आणि पुढे ठरावीक तापमानाला गोठवणं, बाजारातल्या रावसाला मिळालेली नसते.

सुशीत वापरतात तो अटलांटिक सॅल्मन, मत्स्यशेतीत वाढवलेला आणि आयात केलेला. जपानमध्येही तो कच्चा खाण्याची पद्धत जुनी नाही. तिथल्या समुद्रातल्या सॅल्मनमध्ये कृमी असत, म्हणून तो शिजवून किंवा खारवून खात. १९८० च्या दशकात नॉर्वेने आपला शेतीतला सॅल्मन जपानमध्ये नेला आणि त्यानंतर चित्र पालटलं. नियंत्रित खाद्यावर वाढल्यामुळे त्यात अनिसाकिसचा धोका फार कमी असतो. नवख्या ठिकाणी सॅल्मनने सुरुवात करा असं आम्ही सांगतो त्यामागे हेच कारण आहे.

मेन्यूवर "बासा" किंवा तिलापिया कच्चा दिसला तर ते ठिकाण सोडा. गोड्या पाण्यातल्या माशांतले कृमी वेगळे आणि जास्त त्रासदायक असतात. शिजवलेल्या किंवा तळलेल्या रोलमध्ये हेच मासे असले तर हरकत नाही.

लालभडक टूना म्हणजे ताजा टूना ना?

उलट सावध व्हा. टूनाचा नैसर्गिक लाल रंग गडद असतो आणि कापल्यावर काही तासांत कडेने तपकिरी होऊ लागतो. तो कलिंगडी गुलाबी-लाल दिसत असेल, सगळ्या तुकड्यांवर एकसारखा असेल आणि तास-दीड तासानेही तसाच राहत असेल, तर त्याला कार्बन मोनॉक्साइड वायू दिलेला असण्याची शक्यता मोठी. जपान आणि युरोपीय संघात ही प्रक्रिया चालत नाही. माशावर उरणारा वायू खाणाऱ्याला अपायकारक नाही, पण मासा शिळा झाला तरी रंग बदलत नाही, आणि ग्राहकाची एकुलती एक खूण नाहीशी होते.

टूना, बांगडा आणि सुरमईसारखे मासे काही काळ उबेत राहिले तर त्यांच्यात हिस्टामीन तयार होतं. ते शिजवूनही जात नाही, गोठवूनही जात नाही. जिभेला चुरचुरलं किंवा मिरी चावल्यासारखं लागलं तर घास बाहेर काढा आणि बशी परत पाठवा. खाल्ल्यावर काही मिनिटांपासून दोनेक तासांत चेहरा लाल होणं, डोकं ठणकणं, अंगावर पित्त उठणं ही त्याची लक्षणं. पुष्कळ लोक याला माशाची ॲलर्जी समजतात आणि मासे कायमचे सोडतात.

"व्हाइट टूना" नावाचा मासा बहुतेक वेळा टूना नसतो. काही ठिकाणी तो अल्बाकोर असतो, जो टूनाचाच प्रकार आहे, पण काही ठिकाणी एस्कोलार नावाचा वेगळाच मासा. एस्कोलारमध्ये न पचणारं मेण असतं आणि जास्त खाल्ला तर तेलकट जुलाब होतात. जपानमध्ये त्याच्या विक्रीला बंदी आहे. नेमका कुठला, हे विचारल्याशिवाय घेऊ नये.

पावसाळ्यात सुशी टाळावी का?

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. सॅल्मन, हामाची (यलोटेल) वगैरे मासे आयात होतात, त्यामुळे त्यांच्या पुरवठ्यावर याचा परिणाम होत नाही. पावसाळ्याचा खरा त्रास नोरीला होतो. दमट हवेत ती पाकिटातून काढल्यावर काही मिनिटांत मऊ पडते. त्या दिवसांत नोरी बाहेरून असलेले रोल फक्त बसल्या जागी, केल्या केल्या खा. पार्सलसाठी भात बाहेर आणि नोरी आत असलेला उरामाकी बरा, त्यात मऊ नोरी कमी जाणवते.

वीज वारंवार जाणारा भाग असेल तर जनरेटर आहे का याकडेही लक्ष असू द्या.

वेटरला किंवा शेफला नेमकं काय विचारायचं?

"फ्रेश आहे ना?" असं कधीच विचारू नका, याचं उत्तर "हो" सोडून दुसरं मिळत नाही. असं विचारा:

"आज कुठला मासा चांगला आलाय?" चांगला शेफ एक-दोन नावं घेतो आणि एखाद्याला नकोही म्हणतो. सगळंच छान आहे असं ऐकू आलं तर त्या उत्तरातून काही कळत नाही.

"सॅल्मन कुठल्या वारी येतो?" आठवड्यातून दोन-तीनदा माल येत असेल तर त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जा. बऱ्याच ठिकाणी वार ठरलेले असतात आणि सांगायला कुणी का-कू करत नाही.

"सुशीचा शेफ आज आहे का?" पॅन-एशियन ठिकाणी हा प्रश्न फार महत्त्वाचा. त्याच्या सुट्टीच्या दिवशी डिमसमच्या टेबलावरचा माणूस रोल वळतो.

शेफ जपानी नसेल तर?

काही बिघडत नाही. भारतातल्या अनेक चांगल्या सुशी काउंटरांवर ईशान्य भारतातले आणि नेपाळचे शेफ आहेत आणि त्यांचा हात उत्तम आहे. शेफचं गाव विचारण्यापेक्षा त्याचं काम बघा: ओलं फडकं जवळ आहे का, प्रत्येक कापानंतर सुरी पुसतो का, भाताचं भांडं झाकलेलं आहे का, मासा काचेच्या थंड कपाटात फडक्यात किंवा कागदात गुंडाळून ठेवलाय की उघडा सुकतोय. काउंटरजवळ वशाट वास येता कामा नये. समुद्राचा हलका वास चालेल, मासळी बाजाराचा नाही.

पुण्याकडे चाकण-तळेगाव पट्ट्यात जपानी कंपन्या आहेत, त्यामुळे शहरात जपानी कर्मचाऱ्यांना डोळ्यासमोर ठेवून चालणारी काही रेस्टॉरंटं आहेत. दुपारी ठरावीक थाळी, मेन्यूवर जपानी अक्षरं आणि रोलपेक्षा भाजलेले मासे, नूडल्स, करी यांची गर्दी, ही त्यांची ओळख. तिथे सुशीचे प्रकार कमी असतात आणि मिळतात ते बहुधा जपून केलेले असतात.

मेन्यू मोठा असणं चांगलं की वाईट?

छोट्या ठिकाणी वाईट. मासा खपला तरच ताजा राहतो. बारा टेबलांच्या रेस्टॉरंटमध्ये पंधरा जातींचे कच्चे मासे असतील तर त्यातले निम्मे दिवसेंदिवस पडून असणार. पाच-सहा जाती आणि त्यातल्या एक-दोन "आज नाहीत", हे चित्र आश्वासक आहे.

शाकाहारी लोकांनी काय मागवावं? आणि ते खरंच शाकाहारी असतं का?

शाकाहारी सुशी ही भारतासाठी केलेली तडजोड नाही, जपानमध्ये तिची स्वतःची परंपरा आहे. काप्पा माकी वर आलाच आहे. ओशिंको माकीत मुळ्याचं पिवळं लोणचं असतं. उमेक्यूमध्ये खारवलेल्या आंबट उमे फळाचा गर आणि काकडी. इनारीमध्ये तळलेल्या टोफूच्या गोडसर पिशवीत भात भरतात, लहान मुलांना हा प्रकार फार आवडतो. आणि कान्प्यो माकी: ज्या जातीचं फळ आपण दुधी भोपळा म्हणून खातो, त्याच जातीच्या गोल भोपळ्याच्या लांब पट्ट्या सोलून वाळवतात, मग भिजवून, मिठाने चोळून सोया सॉस आणि साखरेत शिजवतात. तोचिगी प्रांत यासाठी प्रसिद्ध आहे. भारतात हा रोल क्वचित मिळतो, दिसला तर सोडू नका.

आता अडचण. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी हा पातळ रस्सा, आणि नेहमीच्या दाशीत सुकवलेल्या बोनिटो माशाच्या चकत्या असतात. त्यामुळे इनारीची पिशवी, कान्प्यो, शिजवलेले शिताके मशरूम, मिसो सूप, अगदी वांग्याचा साधा पदार्थही शाकाहारी नसू शकतो. "यात मासा आहे का?" एवढं विचारलं तर "नाही" असं मनापासून उत्तर येतं, कारण माशाचा तुकडा खरंच नसतो. म्हणून असं विचारा: "दाशी कशाची? फक्त कोंबूची किंवा शिताकेची मिळेल का?" कोंबू म्हणजे समुद्री वनस्पती, ती चालते.

आणखी काही जागा तपासायला हव्यात. क्रॅब स्टिकमध्ये खेकडा जवळजवळ नसतो, पण मासा आणि अंड्याचा पांढरा भाग असतो. रोलवरचे केशरी मणी उडत्या माशाची किंवा कॅपेलिनची अंडी असतात. जपानी मेयोनीजमध्ये अंड्याचा बलक असतो, भारतात पुष्कळ ठिकाणी बिनअंड्याचंही वापरतात. तेंपुराची, म्हणजे पिठात बुडवून तळायची, कढई कोळंबीसाठी आणि भाज्यांसाठी एकच असते का, हेही विचारून घ्या. मिरीन (स्वयंपाकातली गोड तांदळाची दारू) आणि साके यांत मद्यार्क असतो. जैन पाहुणे असतील तर मुळा, गाजर आणि आल्याचं लोणचं आधीच वगळायला सांगा. काकडी, ॲव्होकाडो आणि शतावरीचे रोल त्यांना चालतात.

व्हेज रोल करताना बोर्ड आणि सुरी वेगळी घ्या, असं स्पष्ट सांगायला संकोच वाटू देऊ नये. शांत वेळेत, म्हणजे दुपारी साडेबारा किंवा संध्याकाळी सातच्या सुमारास गेलात तर हे नीट पाळलं जातं. शनिवारी रात्री साडेनऊला त्याची हमी धरू नका.

वसाबी खरी आहे हे कसं ओळखायचं?

बशीतला हिरवा गोळा बहुतेक ठिकाणी हॉर्सरॅडिश नावाचं झणझणीत मूळ, मोहरी आणि रंग यांचा असतो. नाकात जाणारा झणका लोणच्यासाठी फेसलेल्या मोहरीसारखा वाटतो, कारण त्यामागचं रसायन तेच आहे. खऱ्या वसाबीचं खोड समोर किसतात. ती फिकट हिरवी, जराशी दाणेदार असते, झणका सौम्य असतो, मागाहून गोडवा येतो, आणि पंधराएक मिनिटांत चव उतरते. ती महाग आहे आणि भारतात मोजक्याच ठिकाणी मिळते. नकली वसाबीमुळे रेस्टॉरंट वाईट ठरत नाही.

आल्याचं लोणचं फिकट पिवळसर किंवा अगदी हलकं गुलाबी असावं. भडक गुलाबी म्हणजे रंग घातलेला. ते दोन घासांच्या मध्ये तोंड स्वच्छ करायला असतं, सुशीवर ठेवून खायला नाही.

सोया सॉस कसा लावायचा?

निगिरी आडवी करून माशाची बाजू टेकवा. भात बुडवला की तो सगळा सॉस शोषतो आणि वाटीत सुटतो. शेफने वर आधीच सॉस लावला असेल तर पुन्हा लावू नका. गहू चालत नसेल तर नेहमीचा सोया सॉस टाळा, त्यात गहू असतो.

एका ताटलीचे पैसे वाजवी आहेत का, हे कसं ठरवायचं?

माशाचं वजन मनात धरा. आठ तुकड्यांच्या मोठ्या रोलमध्ये भात पुष्कळ आणि मासा बहुधा ३० ते ५० ग्रॅम असतो, बाकी सॉस, चीज आणि तळलेला चुरा. निगिरीच्या दोन जोड्यांत साधारण तेवढाच किंवा थोडा जास्त मासा मिळतो आणि तो दिसतोही. म्हणून त्याच पैशांत आम्ही निगिरी घेऊ. क्रॅब स्टिकचा कॅलिफोर्निया रोल सॅल्मनच्या भावात विकला जात असेल तर तो महाग आहे.

चिराशी, म्हणजे वाडग्यात भात आणि वर वेगवेगळे मासे, दुपारच्या जेवणात मिळाली तर जरूर घ्या. वळण्याची मेहनत नसल्यामुळे ती बहुधा स्वस्त पडते.

अमर्याद सुशीचा बुफे घ्यावा का?

कच्च्या माशासाठी नाही. तुकडे आधी करून ठेवलेले असतात. थंड ठेवले तर भात कडक होतो, बाहेर ठेवले तर मासा तापतो, मधला मार्ग नाही. ज्या ठिकाणी मागणी घेऊन ताजं करून देतात तिथे अमर्याद ऑफरही चालते.

घरपोच मागवलेली सुशी कितपत चालते?

जवळून मागवली तर चालते. अर्ध्या तासात येईल एवढंच अंतर धरा. कच्चा मासा असेल तर करून झाल्यापासून दोन तासांत संपवा, उन्हाळ्यात एका तासात. गरम सूप किंवा रामेन त्याच पिशवीत नको, अशी सूचना लिहा. सुशीचा डबा कोमट होण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच असतं. तेंपुराचा रोल वाफेने मऊ पडतो आणि टेमाकीच्या, म्हणजे हाताने वळलेल्या शंकूच्या, नोरीचं कातडं होतं, हे दोन घरी मागवूच नका. ॲव्होकाडो, काकडी, शिजवलेली कोळंबी आणि उनागी म्हणजे भाजलेला ईल, हे प्रवास बरा सोसतात. उनागी कधीच कच्चा नसतो.

उरलेली सुशी दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. मासा जातोच, शिवाय तासन्तास बाहेर राहिलेल्या भातातही त्रासदायक जीवाणू वाढतात.

गरोदरपणात किंवा लहान मुलांना सुशी द्यावी का?

कच्चा मासा नको. स्मोक्ड सॅल्मनही नको, तो शिजलेला नसतो. मोठ्या जातींच्या टूनात पारा जास्त असतो, म्हणून तो शिजवलेलाही जपूनच. काकडी, ॲव्होकाडो, इनारी, पूर्ण शिजवलेली कोळंबी आणि गरम उनागी चालेल. वृद्ध, यकृताचे रुग्ण आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे यांनाही हेच लागू.

जपानला गेल्यावर गल्लीतलं दुकान कसं निवडायचं?

फिरत्या पट्ट्याच्या दुकानापासून सुरुवात करा. हा प्रकार ओसाकात १९५८ मध्ये सुरू झाला. किंमत ठरलेली, मेन्यूला चित्रं, आणि शाकाहारी माणसालाही चारदोन गोष्टी सापडतात. पट्ट्यावर फिरणारं घेण्यापेक्षा पडद्यावरून मागवा, ताजं करून येतं. गल्लीतल्या लहान दुकानात दुपारचा ठरावीक सेट रात्रीच्या मानाने बराच स्वस्त असतो. भिंतीवरच्या पाटीवर किंमतीच्या जागी 'बाजारभाव' लिहिलेला मासा असेल तर आधी भाव विचारा, त्यात कुणी वावगं मानत नाही. सुपरमार्केटमध्ये संध्याकाळी उशिरा सुशीच्या डब्यांवर सवलतीची चिठ्ठी लागते, ते डबे त्याच दिवशीचे असतात आणि त्याच रात्री खायचे.

काही बिघडलेलं वाटलं तर काय करायचं?

घास गिळू नका आणि संकोच करू नका. आंबूस वास, बुळबुळीत पृष्ठभाग, जिभेला चुरचुर, यांपैकी एक जरी जाणवलं तरी बशी परत करा. वेटरला नुसतं "आवडलं नाही" म्हणू नका, काय जाणवलं ते सांगा, म्हणजे शेफ तो मासा इतरांना देणं थांबवू शकतो. खाल्ल्यावर काही तासांत पोटात असह्य कळा आल्या तर डॉक्टरांना कच्चा मासा खाल्ल्याचं आवर्जून सांगा. अनिसाकिस असेल तर दुर्बिणीने तपासून तो काढता येतो, पण कुणी सांगितलंच नाही तर तिकडे लक्ष जात नाही. बिल जपून ठेवा, त्यावर १४ आकडी अन्न परवाना क्रमांक असतो आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करताना तो, खाल्ल्याची वेळ आणि पदार्थाचं नाव लागतं.